ग्रॅम्ब्लिंगचे कोच एडी रॉबिन्सन

फुटबॉलचा हंगाम आला की शनिवारी आपल्या घराघरांत कॉलेजचे सामने लागतात. मुलं टीव्हीसमोरून हलत नाहीत, आणि आपण मात्र "हाताने खेळतात, मग फुटबॉल कसला?" असं म्हणत चहा घेतो. आज एका कोचची गोष्ट सांगतो. ती समजायला खेळाचे नियम यायलाच हवेत असं नाही.

एडी रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ साली लुइझियानातल्या जॅक्सन गावी झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करत, आई लोकांच्या घरी काम करी. तेव्हा दक्षिणेत शाळा, बस, हॉटेलं, सगळं गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं. कॉलेज झाल्यावरही रॉबिन्सन पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होते. १९४१ मध्ये ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजने त्यांना कोच नेमलं. वय अवघं २२!

मैदानावरचं गवत ते स्वतः कापत, रेषा आखत, वर्तमानपत्रासाठी सामन्याची बातमीही लिहीत. पहिल्या वर्षी आठपैकी पाच सामने हरले. दुसऱ्या वर्षी नऊच्या नऊ जिंकले, तेही समोरच्यांना एकही गुण न देता. दौऱ्यावर हॉटेलवाले खेळाडूंना आत घेत नसत, म्हणून रॉबिन्सन सँडविच करून बरोबर नेत.

या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. काळ्या खेळाडूला ही जागा झेपणार नाही, असा व्यावसायिक संघांचा समज होता. रॉबिन्सननी वाद घातला नाही, क्वार्टरबॅक घडवले. त्यांचा विद्यार्थी डग विल्यम्स १९८८ च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टनकडून उतरला, ४२-१० ने जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. ग्रॅम्ब्लिंगमधून असे दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले.

१९८५ मध्ये रॉबिन्सननी अलाबामाचे बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. १९९५ मध्ये ४०० विजय गाठणारे ते कॉलेज फुटबॉलमधले पहिले कोच झाले.

आता यातली खरी मेख ऐका. एमबीएच्या वर्गात आम्हाला शिकवायचे, तुमची मक्तेदारी कशी टिकवायची ते पाहा. पूर्वी दक्षिणेतली मोठी विद्यापीठं काळ्या मुलांना घेत नसत, त्यामुळे उत्तम मुलं ग्रॅम्ब्लिंगला येत. पुढे ती दारं उघडली आणि तीच मुलं मोठ्या विद्यापीठांकडे वळली. ज्या समानतेची रॉबिन्सननी वाट पाहिली, तिनेच त्यांचा संघ दुबळा केला. शेवटचे तिन्ही हंगाम पराभवाचे गेले. त्यांनी पायउतार व्हावं म्हणून दबाव आला. १९९७ मध्ये ४०८ विजयांवर ते थांबले, आणि १९९८ मध्ये त्यांच्या जागी कोण आलं? डग विल्यम्स!

२००७ मध्ये रॉबिन्सन गेले. या शनिवारी सामना लागेल तेव्हा मुलांना एवढंच विचारा, क्वार्टरबॅक कोण आहे? आणि मग त्यांना ही गोष्ट सांगा.