जन्म, परिस्थिती आणि १८७१ चा कायदा

माणूस जन्माने घडतो की परिस्थितीने, हा वाद अर्वाचीन काळात फ्रान्सिस गॉल्टन याच्या नावाशी निगडित झाला आहे. आनुवंशिक प्रतिभेवरील त्याचा ग्रंथ १८६९ साली निघाला. निसर्ग आणि संगोपन ही शब्दांची जोडी त्याने १८७४ साली दुसऱ्या एका ग्रंथाच्या शीर्षकात घालून रूढ केली. या दोन सालांच्या दरम्यान, १८७१ मध्ये, हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा संमत केला. तो गॉल्टनच्या विचारातून जन्मला असे मात्र समजू नये. त्याची मुळे येथल्याच भूमीत होती.

ज्या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, त्या देशात चोराचा मुलगा चोरच होणार, अशी त्या कायद्यामागील विचारसरणी होती. राज्यकर्त्यांनी येथे रक्तापेक्षा जातीला प्रमाण मानले. परंतु सुताराचा मुलगा रंधा धरावयास शिकतो तो बापाच्या पडवीत. आईच्या उदरातून तो ते कसब घेऊन येत नाही. म्हणजे दाखला दिला परिस्थितीचा आणि निष्कर्ष काढला जन्माचा! आपल्याकडील जातिविचारातही हीच गफलत शतकानुशतके नांदत आली असल्यामुळे ती फारशी कोणाला खटकली नाही, हे कबूल करणे प्राप्त आहे.

एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. नोंद झालेल्याने पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून ठरलेली हद्द सोडावयाची नाही. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याजोगा झाला. त्याच्या कचाट्यात सापडलेल्या कित्येक जमाती मुळात फिरत्या व्यवसायावर जगणाऱ्या होत्या. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत; दख्खनच्या फौजांना रसद पुरविणारे तेच. आगगाडी आणि पक्के रस्ते आले, तशी त्यांची वाहतूक बसली. धंदा गेला आणि भटकणे उरले. ते भटकणेच पुढे संशयास पात्र ठरले.

कायद्याचा आपल्या तत्त्वावर कितपत विश्वास होता, हाही प्रश्नच आहे. १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींची मुले आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची तरतूद केली. गुन्हा जन्मजातच असेल तर मूल वेगळे ठेवून काय साधणार? पुढे मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी येथे ‘सेटलमेंटी’ उभ्या राहिल्या. सोलापुरात कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची माणसे तारेच्या कुंपणाआड राहून गिरण्यांत राबली. त्यांना उद्योग आणि त्यांच्या मुलांना शाळा देऊन सुधारणा घडवावी, असे म्हणणारे अधिकारी परिस्थितिवादीच होते; मात्र कुंपण हीही एक परिस्थितीच आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. याच काळात, १९१८ साली, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली, ही गोष्ट विसरता येत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्याच्या जागी निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. त्यांत जमातीऐवजी व्यक्तीची स्वतःची कृत्ये हा आधार धरला गेला. तत्त्वतः हा बदल मोठा; पोलीसचौकीच्या उंबरठ्यावर तो तितकासा पोहोचला नाही.

या जमातींतून आलेल्या लेखकांची साक्ष मराठीत त्यानंतर तीन दशकांनी उमटू लागली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. समीक्षेने त्यांची वेदना वाखाणली. पण एका जुन्या वादातील पुरावा म्हणून त्यांचे वाचन क्वचितच झाले. ‘उचल्या’मध्ये लहान मुलांना खिसा कापण्याचे धडे द्यावे लागतात. पकडले गेल्यावर कोणाचे नाव तोंडातून निघू नये म्हणून त्यांना मार सोसण्याचीही सवय लावावी लागते. कायद्याने जे उपजत मानले, त्याचे हे शिक्षण घरात भाकरीच्या चिंतेपोटी चालते, आणि त्यातील निम्मा अभ्यास पोलिसांच्या मारासाठी असतो.