छाटाच्या विड्या

आमच्या घरात तंबाखूच्या गोष्टी मोकळेपणाने निघायच्या. आजारपणाच्या नाही. परांडा तालुक्यातल्या आमच्या गावी आजी तव्यावर तंबाखू भाजायला घ्यायची तेव्हा ठसक्याने अख्खा वाडा खोकत बाहेर यायचा. भाजून काळी झालेली तंबाखू ती चुरायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. "मशेरी लावल्याबिगर डोळंच उघडत न्हाईत," असं ती अभिमानाने सांगे. मशेरीला ती व्यसन मानतच नव्हती. व्यसन होतं ते तिच्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या आत्याआजीला. ती विडी ओढायची.

आत्याआजीचं सासर सोलापूरचं. यजमान जुन्या मिलमध्ये होते. मिलचे भोंगे थंडावले आणि घर विड्यांवर आलं. सोलापुरात हे हजारो घरांत झालं. पुरुषाचं काम सुटलं की बाईच्या मांडीवर सूप यायचं. वडील लहानपणी तिच्याकडे राहिलेले, त्यामुळे ते काम त्यांना पाठ होतं. आदल्या रात्री पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने ती बेतायची, चिमूटभर जर्दा पसरायचा, बोटांत फिरवून वळायचं, तोंड दुमडून दाबायचं, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. बोलणं चालूच. पंचवीस विड्यांचा कट्टा आणि मजुरी हजारावर. संध्याकाळी कारखान्यात माल मोजताना मुकादम मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा. त्यांची मजुरी नाही. त्यातल्या चार-दोन आत्याआजी पदरात घालून आणायची आणि चुलीवरच्या निखाऱ्यावर पेटवायची. "माझ्याच हातची हाय, फुकटची हाय," म्हणायची. विडीने भूक मरते, हा दुसरा फायदा. शेवटची भाकरी पोरांच्या ताटात गेली की ती विडी घेऊन मागच्या दारी जायची.

वडिलांची गोष्ट इथेच थांबायची. "पुढं पोटाच्या दुखण्यानं गेली बिचारी."

पुढचं मला आईकडून कळलं, तेही माझं लग्न झाल्यावर. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि पन्नाशीनंतर पुन्हा अंगावर जायला लागलं. जुन्या लुगड्याच्या घड्या घेऊन ती विड्या वळत बसायची, रात्री अंधारात त्या धुवायची आणि पलंगाखाली वाळत घालायची. वास येऊ लागला तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. दवाखान्यात नेलं तोवर पिशवीच्या तोंडाची गाठ आजूबाजूला पसरली होती. शेक दिले, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. नातेवाइकांत निकाल कधीच लागला होता, बाईने विडी ओढली, दुसरं काय होणार!

हा निकाल अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो मला खुपतो.

धूर छातीत जातो, मग गर्भाशयाच्या मुखाशी त्याचा काय संबंध? बर्कलीचे वॉरन विंकेलस्टीन यांनी 1977 साली हा संबंध मांडला तेव्हा जाणकारांनीही तो सहजी मानला नाही. त्यांचा तर्क साधा होता. फुप्फुसात, तोंडात, घशात विडी-सिगारेट ज्या जातीच्या पेशी बिघडवते, त्याच जातीच्या पेशींचा कॅन्सर गर्भाशयमुखाला होतो. पुढे 1980च्या दशकात धूम्रपान करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावातच निकोटिन सापडलं. धूर रक्तातून तिथवर पोचतो आणि तिथल्या पहारेकरी पेशी कमी करतो, हेही दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004च्या अहवालात धूम्रपान हे या कॅन्सरचं कारण असल्याचं नोंदवलं.

पण मूळ कारण ते नव्हे. मूळ कारण एचपीव्ही हा विषाणू. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी 1980च्या दशकात तो गाठींमध्ये दाखवून दिला आणि 2008 साली त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक बायकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींच्या अंगात ठाण मांडतो. विडी त्याला ठाण मांडायला मदत करते. तेवीस अभ्यासांची आकडेवारी 2006 साली एकत्र तपासली गेली. धूम्रपान करणाऱ्या बाईला या कॅन्सरच्या मुख्य प्रकाराचा धोका न करणारीच्या दीडपटीहून थोडा जास्त निघाला. सोडून दिलेल्या बायकांत तो जवळजवळ उतरलेला होता.

आता आत्याआजीचा हिशेब पुन्हा मांडा. विषाणू कुणी आणला, हे कुणी विचारलं नाही. यजमान तिच्याहून जास्त विड्या ओढायचे, त्यांना कुणी बोललं नाही. आणि त्या काळात सोलापूरच्या विडी कामगार बाईला, काही होत नसताना, तपासायला कोण बोलावणार होतं?

बोलावणं आलं ते पुढच्या पिढीला. आमच्या गावापासून जवळच, बार्शीला, 1987 साली ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगाव माणसं फिरू लागली. ही माणसं नुसती नोंद करत नव्हती. अवेळी अंगावर गेलं तर दडवू नका, असं ओसरीवर बसून सांगत होती, आणि एवढ्या बोलण्यानेही बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात दवाखान्यात पोचू लागल्याचं नोंदींत दिसलं. मग 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्यावर आले. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये 2009 साली हे छापून आलं आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. आमच्या जिल्ह्याचं नाव एरवी दुष्काळासाठीच निघतं, म्हणून हे जरा ठासून सांगते.

कळंबकडची माझी मावशी त्या बायकांतली. "जीपमधी बसवून न्हेलं, दोन मिंटांचं काम, उगं लाजून मेलो," एवढंच तिचं वर्णन. आता ती सुनांना धरून नेते आणि पुण्यात तयार झालेल्या एचपीव्हीच्या लशीचं नातीसाठी विचारते.

तिची जाऊ सोलापूरकडची, अजून विड्या वळणारी आणि चोरून ओढणारी. गेल्या दिवाळीत मावशीने तिला दोन गोष्टी बजावल्या, तपासून घे आणि विडी सोड. जाऊबाईंनी जरा विचार केला. "तपासून घेते की," त्या म्हणाल्या. "विडीचं संक्रांतीनंतर बघू."