नोव्हेंबर 1942 : डोंगरात आणि दर्यात

1942 चा नोव्हेंबर म्हटला की कर्जत-खालापूरच्या माणसाला भाई कोतवाल आठवतात, आणि ते योग्यच आहे. माथेरानच्या या तरुण वकिलाच्या आझाद दस्त्याने त्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. खोपोली-भिवपुरीच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत आणि गिरण्यांच्या मालावर सरकारचे युद्ध. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले.

त्याच नोव्हेंबरात, त्याच सरकारच्या निशाणाखाली, हिंदी खलाशी दर्यावर लढत होते. रॉयल इंडियन नेव्हीची 'बेंगाल' ही सुरुंग काढणारी छोटी नौका. वजन अवघे साडेसहाशे टन, सिडनीत बांधलेली. तिचे कप्तान राखीव दलातील लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन. 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत ते दिएगो गार्सियाकडे निघाले होते. 11 नोव्हेंबरला कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस 'होकोकु मारू' व 'आयकोकु मारू' ही जपानी जहाजे समोर आली. मूळची उतारू जहाजे, पण तोफा चढवलेली, आणि प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी.

विल्सन यांनी 'ओंडिना'ला निसटण्यास सांगितले आणि आपली नौका शत्रूच्या अंगावर घातली. 'ओंडिना' मात्र गेली नाही. तिनेही आपली एकुलती तोफ डागली. होकोकु मारूवर स्फोट झाला व ती बुडाली. गोळा कोणाचा, हा वाद पुढे बराच चालला. डचांचे म्हणणे अधिक ग्राह्य दिसते. आमच्या मते विल्सन यांचे मोठेपण त्या गोळ्यात नाहीच, नौका वळवण्याच्या त्या निर्णयात आहे.

दारूगोळा संपत आला तेव्हा 'बेंगाल' बाजूला झाली. 'ओंडिना' बुडाली असे समजून ती दिएगो गार्सियाला पोहोचली. तिच्यावरील एकही माणूस दगावला नव्हता. 'ओंडिना'चे कप्तान हॉर्समन मात्र ठार झाले, आणि होड्यांत उतरलेल्या तिच्या माणसांवर जपान्यांनी मशीनगन चालवली. तो दिवस संत मार्टिनच्या सणाचा होता, ज्याने शिपाई असतानाच आपल्या झग्याचा अर्धा भाग भिकाऱ्याला दिला. उरलेल्यांनी जळते जहाज पुन्हा गाठून, आग विझवून, ते ऑस्ट्रेलियाला परत नेले.

विल्सन यांना डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला. तोफेपाशी उभे असलेल्या हिंदी खलाशांची नावे मात्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

आपल्या घरांतूनही पूर्वी कोणी बोटीवर, कोणी रेल्वेत, कोणी गोदीत चाकरी केली. सरकारचा पगार घेतला म्हणून त्यांना स्वातंत्र्याची चाड नव्हती, असे म्हणणाऱ्यांनी 18 फेब्रुवारी 1946 आठवावा. मुंबईत 'तलवार'वरच्या नाविकांनी निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणुकीविरुद्ध बंड पुकारले, ते याच आरमारातले. घाटमाथ्यावर लोणावळ्यास 'शिवाजी' हे नाविकांचे शिक्षण केंद्र त्याच्या एक वर्ष आधी उघडले होते.

'बेंगाल' स्वतंत्र भारताच्या नौदलात आली आणि 1960 साली निवृत्त झाली.