शिंपल्यांचा चुना

खत घालावें, मशागत करावी, तरी जमीन पिकूं नये. मग ती म्हातारी झाली असें शेतकरी म्हणतो. अमेरिकेंतील व्हर्जिनियांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं असेंच झालें होतें. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू व मका काढून जमीन निकस झाली आणि कित्येक कुटुंबें पश्चिमेकडे निघून गेलीं.

जेम्स नदीकांठचा तरुण जमीनदार एडमंड रफिन यानें मात्र निराळा तर्क केला. जमिनींतील आम्लाचा दोष चुन्यानें जातो, असें त्यानें सर हंफ्रे डेव्ही यांच्या कृषिरसायनावरील ग्रंथांत वाचलें होतें. आपल्या शेतांत पाइन वृक्ष व आंबट चुक्याच्या जातीचें तण कां माजतें, हें त्याला आतां उमगलें. १८१८ सालीं त्यानें जमिनीखालील पुराणकालीन शिंपल्यांचा चुनखडीमिश्रित थर खणून शेतांत पसरविला. तेथें मका सुमारें ४० टक्के अधिक आला. चुना आम्लता मारतो, आणि मगच घातलेलें खत पिकाला नीट लागतें. १८३२ सालीं त्यानें यावर ग्रंथ लिहिला. आम्लता मोजण्याची ‘पीएच’ मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनीं दिली ती त्यानंतर ७७ वर्षांनीं, १९०९ सालीं.

पण श्रोतेहो, तो थर खणला कोणीं? रफिनच्या गुलामांनीं. मातीचा दोष ओळखणाऱ्या या पुरुषाला गुलामगिरीचा दोष दिसला नाहीं. उलट तिच्यासाठींच तो झगडला, आणि तो पक्ष युद्धांत हरल्यावर १८६५ सालीं त्यानें आत्महत्या केली. पीक कशानें वाढलें, इतकेंच शेतीच्या इतिहासांत पाहून भागत नाहीं. तें कोणाच्या घामानें वाढलें, हेंही पाहावें लागतें.