बांजाच्या फांद्या

जुने फोटो आवरताना मुक्तेश्वरच्या ट्रिपचा फोल्डर सापडला. त्यात एका उतारावर बांजाची (म्हणजे हिमालयातला ओक) दहा-बारा झाडं. झाडं कसली, खांबच! सगळ्या फांद्या छाटलेल्या, शेंड्याला तेवढा पाल्याचा झुपका. खाली मी तेव्हा लिहून ठेवलंय, "लोकांना जंगलाची किंमतच नाही." आज वाचून लाज वाटली.

बांज हिवाळ्यातही हिरवा असतो. डोंगरावरचं गवत वाळलं की गाई-म्हशींना ओलं वैरण म्हणून हाच पाला. बायका विळा कमरेला खोचून झाडावर चढतात, डहाळ्या छाटतात, भारा डोक्यावर घेऊन उतरतात. पाय घसरला की संपलं. शेंडा राखला तर झाड जगतं, पुन्हा फुटतं. गळलेला पाला गोठ्यात अंथरायचा, त्याचं खत शेतात. आपल्याकडे शेळ्यांसाठी बाभळीच्या डहाळ्या काढतात, तसंच काहीसं.

मग इंग्रज सरकार आलं. १९११ ते १९१७ च्या दरम्यान कुमाऊंची बरीचशी जंगलं 'राखीव' झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात परवानगीशिवाय फांदी छाटणं हाही गुन्हा होता (१९२७ च्या कायद्यातही तो राहिला). आमच्या भाषेत, गावाचा राइट ॲक्सेसच काढून घेतला! सरकारला हवा होता चीड: राळेसाठी, रेल्वेच्या स्लीपरसाठी. चिडाच्या सुया गुरं तोंडातही घेत नाहीत.

जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला लोकांनी बेगारीच्या वह्या सरयूत बुडवल्या आणि त्याच उन्हाळ्यात जंगलं पेटली. रामचंद्र गुहांनी यावर एक फार महत्त्वाची गोष्ट नोंदवलीय: आगी लागल्या त्या चिडाच्या जंगलांना. बांजासारखी रुंद पानांची जंगलंही सरकारच्याच ताब्यात होती, पण त्यांना धक्का लागल्याचा पुरावा नाही. याला नासधूस म्हणायचं?

सरकारने पर्सी विंडहॅमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, काही जंगलांवरचे निर्बंध सैल झाले आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. जंगल कधी उघडायचं, कधी बंद ठेवायचं, राखणदार कोण, हे अनेक पंचायती स्वतःच ठरवू लागल्या.

अर्थात फोटो खोटा नव्हता. दरवर्षी ओरबाडलेल्या बांजाला फळं कमी धरतात, रोपं गुरं खातात, मोकळ्या जागेत चीड घुसतो. पण लांबचं जंगल बंद केलं की सगळा भार गावाजवळच्या झाडांवर पडणार, हे साधं गणित मला तेव्हा सुचलं नाही. गाडीतून उतरलो, दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळा!

फोटोखालची ओळ खोडलीय, नवी अजून सुचत नाहीये. तुमच्यापैकी कुणी वनपंचायतीचं जंगल जवळून पाहिलं असेल तर जरूर सांगा.