उष्टावणाची कुळकथा

अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडात मूल सहा महिन्यांचे होत आले की घरात उष्टावणाची बोलणी सुरू होतात. उष्टावण म्हणजे मुलाला पहिल्यांदा शिजवलेले अन्न चाखवण्याचा संस्कार. संस्कृत ग्रंथांत त्याला अन्नप्राशन म्हटले आहे. अनेक घरांत मूल मामाच्या मांडीवर बसते, सोन्याची अंगठी तांदळाच्या खिरीत बुडवून त्याच्या जिभेला लावली जाते, आणि त्यातली बरीचशी खीर ओठांवरून हनुवटीवर व तेथून लाळेऱ्यावर उतरते. जमलेल्या बायका ती पदराने पुसतात, मूल पुन्हा हात घालते, आणि सोहळ्यातला खरा आनंद या सांडलवंडीतच असतो.

या संस्काराचे मूळ गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती धर्मविधी सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांत, सापडते. आश्वलायन गृह्यसूत्राने सहावा महिना ठरवून दिला आणि हेतूप्रमाणे अन्न सांगितले: अन्नसमृद्धी हवी असल्यास बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चस हवे असल्यास तित्तिर पक्ष्याचे, तेज हवे असल्यास तुपातला भात, शिवाय दही, मध आणि तूप मिसळलेले अन्न. पारस्कराच्या सूत्रात तर सर्व रस आणि सर्व प्रकारचे अन्न एकत्र काढून मुलाला भरवण्यास सांगितले आहे, आणि आजची मिळमिळीत खीर पाहता ही सूचना फार धीट वाटते. सूत्रांत भरवणारा पिता आहे. मामाचा मान हा लोकाचाराने दिलेला आहे, आणि आईच्या माहेराला या दिवशी मिळणारे स्थान पाहता तो बदल चांगलाच म्हणावा लागतो. पुढे मुलासमोर पुस्तक, शस्त्र, नाणे यांसारख्या वस्तू मांडून ते कशाला हात घालते ते पाहण्याची प्रथाही जुनी असून मध्ययुगीन धर्मनिबंधकारांनी ती जीविकापरीक्षा म्हणून नोंदवली आहे.

वैद्यकाचे मत धर्मशास्त्राच्या जवळचे असले तरी तेच नव्हते. सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले, तर काश्यपसंहितेने सहाव्या महिन्यात फळांचा रस आणि धान्याचे अन्न मात्र दात आल्यावर, साधारण दहाव्या महिन्यात, असा क्रम लावला. काश्यपाचा दहावा महिना आजच्या ज्ञानाप्रमाणे फार उशिराचा ठरतो, तरीही त्याची दृष्टी मोलाची आहे, कारण तो तिथीपेक्षा मुलाच्या शरीराकडे पाहतो. तान्ह्या मुलाची जीभ तोंडात आलेला घट्ट पदार्थ आपोआप बाहेर ढकलते. ही प्रतिक्षिप्त क्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास मावळते, त्याच वेळी मान सावरलेली असते आणि मूल आधाराने बसू लागते. जन्मतः शरीरात साठलेले लोहही या सुमारास सरत येते आणि आईच्या दुधातून त्याची भरपाई होत नाही. अन्न सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत घास ओठांबाहेर आला म्हणून मुलाला अन्न नको आहे असा अर्थ काढणे चुकीचे असते: जीभ अजून शिकत असते, आणि तिला शिकण्यासाठी रोज थोडे सांडू द्यावेच लागते. इलिंगवर्थ आणि लिस्टर या इंग्रज वैद्यांनी १९६४ मध्ये असे मांडले की चावण्याजोगे अन्न योग्य काळात न मिळालेली मुले पुढे ते घेण्यास अडून बसतात. त्याआधी १९२८ मध्ये क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतीच दूध सुटलेली मुले साध्या नैसर्गिक पदार्थांच्या ताटापुढे बसवली, आणि ती बोटांनी, चिवडून, सांडून का होईना, स्वतः निवडून खाऊ लागल्याचे नोंदवले.

मात्र सोहळ्याच्या दिवशीची खीर आणि दुसऱ्या दिवसापासूनचे अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वऱ्हाडातील मुलांचे भवितव्य दुसरीवर ठरत आले. येथील पिढ्यान् पिढ्यांचे धान्य ज्वारी: मुलाच्या वाट्याला भरडलेल्या ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या, दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकर आणि वरणावरचे पाणी येत असे. अमरावती जिल्ह्यातील डोंगराळ मेळघाटात कोरकू आदिवासींच्या घरांत कुटकी, कोदो, सावा यांचीही त्यात भर असे. ज्वारीची अडचण अशी की तिचे पीठ शिजताना फार पाणी ओढून घट्ट होते; लहान मुलाला ते गिळेना म्हणून आई आणखी पाणी घालते, पेज पातळ होते, आणि छोट्या पोटात अन्नाऐवजी पाणीच जाते. सहा ते आठ महिन्यांच्या, आईचे दूध पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, आणि एवढी शक्ती पाणीदार पेजेतून मिळणे कठीण असते.

यावरचा उपाय दाण्यातच आहे. ज्वारी भिजवून मोड आणले की दाण्यात अमायलेज नावाचे विकर, म्हणजे पिष्टाचे तुकडे करणारे द्रव्य, तयार होते. असे दाणे वाळवून, कोंब व मुळे चोळून काढून, हलके भाजून दळलेले पीठ चमचाभर शिजलेल्या घट्ट पेजेत घातले की ती पाणी न घालताच सैल होते. कोंब काढणे मात्र टाळता येत नाही, कारण कोवळी ज्वारी चरलेल्या गुरांना ज्या सायनाइडची बाधा होते तेच या कोंबांतून निर्माण होऊ शकते. बडोद्याच्या तारा गोपालदास यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या तंत्राचा शिशुआहारासाठी पद्धतशीर अभ्यास केला.

सरकारने हा विषय हाती घेतला तेव्हा मेळघाटही त्यात होता: २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात सुरू झालेल्या ३३ एकात्मिक बालविकास प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणी होते. तरीही १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि प्रकल्प असणे म्हणजे मुलाच्या तोंडी अन्न पोचणे नव्हे हे तेव्हा उघड झाले. १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने शिशुआहाराचे वय चार महिन्यांऐवजी सहा महिने करण्यात आले, तेव्हा सूत्रकारांचा सहावा महिना कायद्यातही आला. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी निम्म्याहून कमी, ४५.९ टक्के, मुलांना आईच्या दुधासोबत घट्ट किंवा अर्धघट्ट अन्न मिळत होते.

२०१८ पासूनच्या पोषण अभियानात अन्नप्राशन दिवस हा अंगणवाडीचा कार्यक्रम झाला. घराच्या ओसरीवरचा सोहळा असा शेजारपाजारच्या आयांसमोर आला, ही या रूढीच्या इतिहासातली आनंदाची घटना आहे. तेथे आयांना पेजेची कसोटी शिकवली जाते: चमचा तिरका केल्यावर पेज ओघळून जाऊ नये. पाणी वाढवण्याची सवय मोडण्यासाठी ही कसोटी उत्तम आहे. पण मोडाच्या पिठाने सैल झालेली ज्वारीची पेज चमच्यावरून ओघळत असली तरी तिच्यात पिठाचे प्रमाण पूर्ण असते, आणि ज्या जिल्ह्यांत सोयाबीन व कापसाने ज्वारीची शेते आक्रसली असली तरी भाकर अजून घराघरांत थापली जाते, तेथे हा फरक दोन वाट्या शेजारी ठेवून, चमच्याने दाखवण्यासारखा आहे.