एका ‘ल’ची वाट

आपल्या ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली डोनाल्ड कनुथ यांच्या हाती आली. ती पाहून ते इतके निराश झाले, की अक्षरजुळणीसाठी त्यांनी स्वतःच एक संगणकभाषा रचली. तिचे नाव टेक. जुळाऱ्याचे काम तिच्यात आज्ञांनी होते. गणितज्ञांबरोबरच भौतिकशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञही ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. मराठी विभागांत मात्र तिचे नावही क्वचितच ऐकू येते.

तिला देवनागरी शिकवली ती नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाइस यांनी, १९९१ साली. मजकूर रोमन लिपीत टंकित करायचा, ‘ट’साठी ‘टी’च्या आधी टिंब द्यायचे, मग एका वेगळ्या प्रोग्रॅमने त्याचे रूपांतर करून तो टेककडे सोपवायचा. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सची रीतही रोमनमधूनच जाणारी. वेल्टहाइस यांच्या टंकांत मात्र एक गंमत आहे: मुंबई आणि कलकत्ता अशी दोन वळणे तिथे वेगळी नांदतात. निर्णयसागरच्या मुंबईचा वारसा असा ग्रोनिंगेनला पोचला!

पुढे युनिकोडने प्रत्येक अक्षराला एकच संकेत दिला. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि हिंदीचा दंडाचा ‘ल’ संगणकाला सारखेच झाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले खरे. पण शासननिर्णय टंकात आपोआप उतरत नाही. हिंदी वळणाच्या ‘ल’मध्ये छापलेली मराठी पुस्तके आपण निमूट वाचतो, हे मला अधिक खटकते.

उपाय लिनक्सवर विनामूल्य आहे. युनिकोड थेट वाचणारे झीटेक २००६ साली लिनक्सवर आले. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी विभागाचा वार्षिकांक काढणाऱ्यानेही टेकलाइव्ह हा संच उतरवून घ्यावा. तो मोठा आहे, रात्रभर चालू ठेवावा. त्यात झीटेक आणि भाषांची सोय करणारे पॉलिग्लॉसिया दोन्ही येतात. मग मजकुराच्या आरंभी टंक सांगताना लिपी देवनागरी आणि, विसरू नये, भाषा मराठी असे नमूद करावे. दुसरा शब्द गाळला, तर टंकात मराठी रूपे असूनही ती झोपून राहतात.

‘लेखनशैली’ हा एक शब्द छापून पाहावा. त्यात दोन्ही अक्षरे आहेत. भाषा सांगूनही ‘ल’ दंड घेऊन उभाच राहिला, तर त्या टंकात मराठी रूपे नाहीत असे समजावे आणि नोटोसारखा दुसरा टंक घ्यावा.